कुशावतीकाठी एक दिवस

गोव्यात एकच दिवस हाताशी असेल तर तांबडी सुर्लचं जुनं महादेव मंदिर आणि पणसायमळची कातळशिल्पं दोन्ही उरकायच्या फंदात पडू नकोस. मडगावहून कुशावतीच्या खोऱ्यात जा. भल्या सकाळी निघ, केप्यात भाजीपाव खा आणि थेट पणसायमळ गाठ. नदीकाठच्या जांभ्यावर कोरलेले बैल, हरणं आणि ते गोल गोल चक्रव्यूह तिरप्या उन्हातच उठून दिसतात. ऊन डोक्यावर आलं की सगळा कातळ सपाट भासतो. तिथे घाई नको. आधी बसून डोळे सरावू दे, मग एकेक रेष सापडत जाते. फोटोसाठी रेषांवर खडू मात्र अजिबात फिरवू नकोस, चित्रांवर पायही देऊ नकोस. कित्येक शतकांचा ठेवा आहे तो! पावसाळ्यात नदी चढते, तेव्हा हिवाळाच बरा.

परतताना रिवणची गुहा बघ, टॉर्च हवाच. मग चांदोर, कदंब राजांची जुनी राजधानी. तिथे कोट भागात जुन्या मंदिराचे अवशेष आणि शिर नसलेला नंदी आहे. आतल्या गावांत बस कमी, म्हणून परतीची वेळ कंडक्टरला उतरतानाच विचारून ठेव.