निकालपत्र आधी, भाष्य नंतर

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

संसद राज्यघटना कुठवर बदलू शकते, हे ठरवणाऱ्या केशवानंद भारती खटल्यावरचे दोन लेख वाचून तू गोंधळलीस. त्या पीठावरच्या न्यायमूर्ती खन्ना यांनी मूलभूत हक्क घटनेच्या मूलभूत चौकटीबाहेर, म्हणजे संसदेला मोडता न येणाऱ्या गाभ्याबाहेर, ठेवले असे एक भाष्यकार म्हणतो, दुसरा नेमके उलट सांगतो, आणि यांतले कोणते मत ग्राह्य धरायचे असे तू मला विचारतेस. तुझ्या साऱ्या पत्रात खन्ना यांचे स्वतःचे एकही वाक्य नाही. मग तिसरा भाष्यकार म्हणून मला कशाला उभे करतेस? मूळ निकालपत्र वाच.

२४ एप्रिल १९७३ रोजी १३ न्यायमूर्तींच्या पीठाने ११ स्वतंत्र मते दिली आणि निकाल ७ विरुद्ध ६ असा लागला, एवढे सर्वांना पाठ असते. पण त्या सातांतही एकवाक्यता नव्हती. संसद घटनादुरुस्तीने मूलभूत चौकट मोडू शकत नाही, मात्र ती शाबूत ठेवून मूलभूत हक्कांतही बदल करू शकते, असे खन्ना यांचे मत होते. मालमत्तेचा हक्क चौकटीचा भाग नाही, हे त्यांनी स्पष्ट लिहिले. इतर हक्कांविषयी त्यावरून काय निघते, यावरच तुझे दोन्ही लेखक भांडत आहेत. बहुमताचा म्हणून जो सारांश तयार झाला, त्यावर ९ न्यायमूर्तींनी सह्या केल्या, चौघांनी केल्या नाहीत. आणि सही करणाऱ्यांत अल्पमतातले दोघे होते. ‘बहुमताने असे ठरवले’ हे वाक्य एखाद्या लेखात दिसले, की तिथेच थांब आणि मूळ निकालपत्र उघड.

१९७५ मध्ये इंदिरा गांधी विरुद्ध राज नारायण खटल्यात खन्ना यांनी खुलासा केला, की मूलभूत हक्क चौकटीबाहेर आहेत असे आपण म्हटलेच नव्हते. एवढ्याने वाद मिटला असे मानू नकोस. १९७३ च्या वाक्यांतून तो अर्थ निघतो का, हे त्या वाक्यांवरच तपासायला हवे, कारण न्यायमूर्तीही आपल्या जुन्या निकालपत्राचा एक वाचकच असतो. माझ्या मते निघतो. पण माझ्या मतावर विसंबायचे असेल, तर एवढे लिहिले ते फुकट गेले.

भाष्यकार निरुपयोगी आहेत, असे मी म्हणत नाही. याच खटल्यात केरळ राज्याची बाजू मांडणाऱ्या सीरवाई यांनी पुढे आपल्या भाष्यात मूलभूत चौकटीचे तत्त्व मान्य केले. त्यांचे मत का बदलले हे समजून घेण्यासारखे आहे, पण युक्तिवाद आणि निकालपत्र दोन्ही वाचलेल्यालाच ते समजते. भिन्नमतही गाळू नकोस. आणीबाणीत अटकेविरुद्ध न्यायालयात दाद मागता येते का, या १९७६ च्या जबलपूर खटल्यात येते असे म्हणणारे खन्ना चौघांविरुद्ध एकटे होते. २०१७ मध्ये गोपनीयतेच्या हक्काविषयीच्या पुट्टस्वामी खटल्यात नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने त्या चौघांचा निर्णय मोडीत काढला.

या हट्टापायी मी संथ आणि किचकट ठरलो. माझ्याबरोबरीचे लोक हेडनोट, म्हणजे निकालपत्रावर छापलेला सारांश, वाचून लेख छापत गेले आणि माझ्या टिपणवह्या कपाटात राहिल्या, याची रुखरुख आहे. तरीही न वाचलेल्या परिच्छेदाचा हवाला मी कधी दिला नाही आणि तू द्यावास असे मला वाटत नाही. वेळ नाही, हे कारण मला लिहू नकोस; लेखांसाठी तो तुला मिळाला होता.

पुढच्या पत्रात खन्ना यांच्या मतातली मूलभूत हक्कांविषयीची वाक्ये परिच्छेद क्रमांकासह उतरवून पाठव. तुझे मत त्यांच्याखाली लिही.

तुझा,
एक जुना वकील