तुमचे साहेब अजून हयात आहेत

पत्र : ताई, मी नाशिकच्या सातपूर एमआयडीसीत नोकरी करतो, वय ४४. दोन वर्षांपूर्वी एक लॉट रिजेक्ट होऊन परत आला. मापं घ्यायच्या गेजचं कॅलिब्रेशन, म्हणजे तो अचूक आहे का याची तपासणी, माझ्याकडून राहिलं होतं. चौकशीत मी गप्प बसलो आणि ठपका साहेबांवर गेला. ज्यांनी मला काम शिकवलं त्यांना राजीनामा द्यावा लागला, खुर्ची मला मिळाली. तेव्हा बायको म्हणाली होती, ‘अशी संधी पुन्हा यायची नाही.’ साहेब इंदिरानगरात राहतात. जॉगिंग ट्रॅकवर दिसले की मी वाट बदलतो. परवा मुलीच्या कॉलेजने केलेलं शेक्सपिअरचं ‘मॅकबेथ’ नाटक पाहिलं. तो मीच आहे. झोप उडाली आहे. आता परतीची वाट नाही. एका ज्युनिअरला सगळं माहीत आहे, त्याची पुण्याला बदली करायचं चाललंय. काय करू?
– एक वाचक, पाथर्डी फाटा

उत्तर : पश्चात्तापावर तुम्ही भरभरून लिहिलंत आणि त्या मुलाच्या बदलीला एक ओळ दिलीत. मी त्याच ओळीवर अडकले. ती बदली आधी थांबवा, बाकीचं मग बोलू.

नाटक पाहून आपल्या लक्षात राहतो तो पहिला खून, सरदार मॅकबेथने राज्यासाठी केलेला. राजा डंकन नात्यातला, पाहुणा म्हणून घरी आलेला, नुकताच मान देऊन गौरवणारा. मॅकबेथला हे सगळं कळत असतं. आता इथेच थांबू, असं तो बायकोला म्हणतोसुद्धा. तरीही माझ्या मते तो पुरता बुडाला त्या रात्री नव्हे, तर बँकोपाशी. बँको त्याचा सोबती. मॅकबेथ राजा होणार हे चेटकिणींचं भाकीत दोघांनी मिळून ऐकलेलं, त्यामुळे बँकोला संशय आहे. शिवाय पुढे राज्य त्याच्या वंशाकडे जाणार, असंही त्या बोलल्यात. मॅकबेथ मारेकरी पाठवतो. बँको मरतो, त्याचा मुलगा निसटतो आणि त्याच रात्री भर मेजवानीत बँकोचं भूत मॅकबेथच्या जागेवर येऊन बसतं. पाहुणे उठून गेल्यावर तो बायकोला सांगतो, रक्तात इतका आत आलोय की मागे फिरणंही पुढे जाण्याइतकंच जड. तेव्हा त्याच्या डोक्यात त्याला न जुमानणारा सरदार मॅकडफ घोळत असतो, आणि पुढे मारली जातात ती मॅकडफची बायको आणि लेकरं, ज्यांचा कशाशीच संबंध नव्हता.

तुमचं ‘परतीची वाट नाही’ हे त्याचंच बोलणं आहे. मला ते पश्चात्तापाचं वाटत नाही. पुढचा घात करायला त्याने स्वतःला दिलेली ती मुभा आहे. पुण्याला जाणारा तो मुलगा तुमचा बँको आहे, आणि तो अजून नाशिकमध्ये आहे.

आणखी एक खटकलं. बायकोचं वाक्य तुम्ही जसंच्या तसं लिहिलंत, तुमचं स्वतःचं एकही नाही. त्या असं बोलायला नको होत्या, हे खरं. पण चौकशीत त्या नव्हत्या, तुम्ही होतात. मॅकबेथच्या घरात काय होतं बघा. डंकनचा बेत दोघांचा, बँकोचा मात्र तो तिला सांगतच नाही. तिथून दोघं तुटतात, आणि झोपेत चालत हात चोळणारी ती बाई शेवटी दासी आणि वैद्यासमोर बरळते, नवऱ्यासमोर नाही. तुम्ही दोघं रात्री जागत असाल तर वेगवेगळे जागू नका. हे पत्र त्यांना वाचायला द्या. आपल्या तात्यासाहेब शिरवाडकरांनी १९५४ साली हे नाटक ‘राजमुकुट’ म्हणून मराठीत आणलं, मिळालं तर तेही दोघांनी वाचा. आणि झोप अशीच उडालेली राहिली तर डॉक्टरांकडे जा, त्यात लाज कसली?

आता साहेबांचं. खुनानंतर दारावर थापा पडतात तेव्हा मॅकबेथ म्हणतो, या थापांनी डंकन जागा झाला तर किती बरं होईल! त्याच्यासाठी ती वेळ निघून गेली होती. तुमचे साहेब रोज ट्रॅकवर चालतायत. त्यांना तिथे गाठू नका. फोन करून, वेळ घेऊन घरी जा. गेल्या गेल्या माफी मागून मोकळं होऊ नका. कॅलिब्रेशन तुमच्याकडून राहिलं होतं, तुम्हाला ते ठाऊक होतं आणि तुम्ही गप्प बसलात, हे तिन्ही स्पष्ट सांगा. मग त्यांना बोलू द्या. त्यांनी दार लावून घेतलं तरी तो त्यांचा हक्क आहे.

त्यानंतर हेच कंपनीला लेखी द्यायचं. आधी कामगार कायद्याच्या वकिलाला दाखवा, पण त्या निमित्ताने महिने घालवू नका. खुर्ची जाईल, कदाचित नोकरीही. घराचे हप्ते असतील, मुलीचं शिक्षण आहे. म्हणून बायकोशी आधी बोला म्हणतेय. साहेबांची नोकरी परत येणार नाही, पण लॉट त्यांच्यामुळे गेला नाही हे रेकॉर्डवर येईल. जिथे आयुष्य घालवलं त्या कंपनीत आपलं नाव साफ होणं, हे त्या माणसाला किती मोलाचं असेल, ते त्यांच्या हाताखाली शिकलेल्या तुम्हाला मी वेगळं काय सांगू?

उद्या ऑफिसात गेल्यावर पहिला मेल बदली रद्द करण्याचा. साहेबांना फोन संध्याकाळी.