तुझ्यावाचून अडू नये, असं काम कर

प्रिय मित्रा,

टीम लीड झालास हे वाचून मनापासून आनंद झाला. तुझ्या मेसेजमधलं एक वाक्य मात्र मनात अडकून राहिलं. "ताई, रिफंडचा अख्खा मॉड्यूल माझ्या डोक्यात आहे, माझ्याशिवाय तिथे कुणी हात लावत नाही." ग्राहकाचे पैसे परत करणाऱ्या प्रोग्रॅमच्या त्या भागाबद्दल हे तू अभिमानाने लिहिलंस, आणि अभिमान वाटावा असंच ते काम आहे. मग शेवटी लिहिलंस की मुलीच्या बारशालाही लॅपटॉप न्यावा लागला, बायको नीट बोलत नाही, आणि आयटीत राहायचं तर घराचं असंच होणार का? तुला या दोन वेगळ्या गोष्टी वाटतात. मला त्या एकच वाटतात, म्हणून सविस्तर लिहिते आहे.

तुझ्यामागची भीती मला कळते. वाकडच्या फ्लॅटचा हप्ता आहे, सांगलीला आईवडील आहेत, आणि हिंजवडीत चहाच्या टपरीवरसुद्धा कपातीचाच विषय निघतो. आपल्यावाचून अडत असेल तर आपल्याला कोण काढेल, असं वाटणं साहजिक आहे. पण कपातीच्या याद्या कशा होतात ते मी जवळून पाहिलं आहे. कुठला प्रोजेक्ट बंद करायचा, कुठला खर्च उतरवायचा, हे वर ठरतं, आणि ठरवणाऱ्याला तुझ्या डोक्यात काय आहे याची कल्पनाही नसते. ज्याला कल्पना असते तो तुझा मॅनेजर, आणि तो तुला तिथून हलू देत नाही. नवं काम आलं की ते दुसऱ्याला मिळतं, कारण "रिफंड कोण बघणार?" पगार थोडा वाढतो, शिकणं थांबतं. पाच वर्षांनी दुसरीकडे मुलाखतीला बसशील तेव्हा सांगायला एकच मॉड्यूल असेल, तोही दुसऱ्यांच्या उपयोगाचा नसलेला.

मी या धंद्यात आले ती वायटूकेची, म्हणजे 2000 साल उजाडल्यावर कॉम्प्युटर तारखांत गोंधळतील या धास्तीची वर्षं होती. कोबोल या जुन्या भाषेतल्या प्रोग्रॅममध्ये साल दोनच आकड्यांत ठेवलेलं असायचं, कारण ते लिहिले गेले तेव्हा साठवणीची जागा महाग होती. त्या लोकांचं काही चुकलं होतं असं मला कधी वाटलं नाही. त्यांच्या काळात तो निर्णय बरोबर होता. अडचण एवढीच, की कुठे का काय केलं हे लिहिलेलं नसायचं आणि लिहिणारे निवृत्त झालेले असायचे. मग आम्ही पानंच्या पानं प्रिंटआउट पसरून अंदाज बांधत बसायचो.

नंतरच्या एका नोकरीतला प्रसंग सांगते. ग्राहकाचं नाव साठवताना कोडमध्ये एके ठिकाणी ते वीस बाइटला (बाइट हे साठवणीचं एकक) कापलेलं होतं. इंग्रजी नावांचं त्याने काही बिघडत नव्हतं, वीस बाइट म्हणजे वीस अक्षरं. पुढे मराठी नावं यायला लागली. अक्षरं साठवण्याच्या यूटीएफ-8 या पद्धतीत देवनागरीचं एकेक चिन्ह तीन बाइट घेतं, आणि काना, मात्रा, हलन्त ही सगळी स्वतंत्र चिन्हं धरली जातात. 'ज्ञानेश्वर' या नावात अशी दहा चिन्हं आहेत, म्हणजे तीस बाइट. वीसला कापलं की 'ज्ञाने' उरतं आणि शेवटी पुढच्या चिन्हाचे दोन तुटके बाइट लोंबकळतात. एका हुशार मुलाने ती ओळ पाहिली, हे उघड चूक आहे असं ठरवलं आणि काढून टाकली. टेस्ट सगळ्या पास झाल्या. रात्री मात्र एका जुन्या सिस्टिमकडे जाणारी फाइल बिघडली. त्या फाइलमध्ये प्रत्येक रकान्याची लांबी ठरलेली होती आणि नावाला वीसच बाइट होते. नाव लांबलं, मागचे सगळे रकाने सरकले, आणि रकमेच्या जागी भलताच मजकूर गेला. मूळ ओळीच्या वर कुणी एवढंच लिहिलं असतं की 'रात्रीच्या फाइलमध्ये नावाचा रकाना वीस बाइटचा आहे, आधी तो बदला', तर त्या पोराची ती रात्र वाचली असती. मी त्याला कधीच दोष दिला नाही.

कोड काय करतो हे वाचून कळतं. का करतो ते फक्त लिहिणाऱ्याला माहीत असतं, आणि तेवढंच टिपून ठेवायचं असतं. कमिट मेसेजमध्ये, म्हणजे बदलासोबत जोडायच्या टिपणीत, 'बग फिक्स' असं लिहून मोकळा होऊ नकोस. कुठली अडचण होती, दुसरे कोणते मार्ग दिसत होते, ते का सोडले, हे चार ओळीत लिही. आता तुमच्याकडे एआयकडून कोड लिहून घेतात. घ्यावा, मीही घेते. पण त्यातली ओळ इथे का आहे हे तुला तुझ्या टीमसमोर सांगता येत नसेल, तर ती मुख्य कोडमध्ये मर्ज करू नकोस. नाहीतर जे ज्ञान निदान एकाच्या डोक्यात असायचं, ते आता कुणाच्याच डोक्यात नसेल.

सोपवणं या गोष्टीकडे आपल्याकडे कमीपणा म्हणून पाहतात, म्हणून एक उदाहरण देते. गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, तू रोज वापरतोस. लिनक्स ही ऑपरेटिंग सिस्टिम सुरू करणाऱ्या लिनस टॉरवाल्ड्स यांनी ते 2005 च्या एप्रिलमध्ये लिहायला घेतलं, कारण लिनक्सचं काम ज्या साधनावर चालायचं त्याच्या मोफत वापराची सोय बंद झाली होती. त्याच जुलैमध्ये त्यांनी गिट जुनिओ हमानो यांच्या हाती दिलं, आणि तेव्हापासून हमानोच ते सांभाळत आले आहेत. एवढी मोठी निर्मिती काही महिन्यांत दुसऱ्याला देता येते, कारण ती दुसऱ्याला कळेल अशी घडवलेली असते. टॉरवाल्ड्स यांचं नाव त्याने कमी झालं नाही.

याची दुसरी बाजूही तुला माहीत असावी. एक्सझेड नावाचं फाइल दाबून लहान करण्याचं साधन जवळपास प्रत्येक लिनक्सवर असतं. लासे कॉलिन हे गृहस्थ ते वर्षानुवर्षं बिनपगारी, जवळपास एकटे सांभाळत होते. 2022 मध्ये काही लोकांनी 'काम संथ चाललंय' म्हणून त्यांच्यामागे तगादा लावला. आपली मानसिक प्रकृती बरी नसते, हे छंद म्हणून चाललेलं काम आहे, असं त्यांनी तेव्हा सांगितलं. 'जिया टॅन' या नावाची एक व्यक्ती त्याआधीच मदतीला आली होती. तिने हळूहळू विश्वास मिळवला, अधिकार मिळवले, आणि 2024 च्या सुरुवातीला आलेल्या 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये चोरवाट पेरली. ती सापडली आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस नावाच्या डेटाबेसवर काम करणाऱ्या प्रोग्रॅमरला. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय, हे त्यांनी सोडून दिलं नाही. 29 मार्च 2024 ला त्यांनी ते जगासमोर ठेवलं, म्हणून ती चोरवाट सगळीकडे पसरायच्या आत सापडली. ही हकीकत वाचताना मला कॉलिन यांचं फार वाईट वाटतं. एकट्यावर भार टाकून सगळं जग निर्धास्त राहिलं होतं. थकून, तगाद्याला कंटाळून दिलेलं काम आणि अंगात त्राण असताना, निवांतपणे, माणूस पारखून दिलेलं काम यांत फार फरक पडतो. तू आत्ता दमलेला नाहीस. आत्ताच सुरुवात कर. नोटिस पीरियडच्या शेवटच्या आठवड्यात घाईघाईने दिलेली केटी, म्हणजे कामाची माहिती, कुणाच्याही कामाला येत नाही.

आता मतांबद्दल. तुझी मतं ठाम असतात आणि मला ते आवडतं. पण लीडचं मत जड असतं, तो बोलला की बाकीचे गप्प बसतात. ठाम कुठे राहायचं ते ठरवून ठेव. ग्राहकाचे पैसे, ग्राहकाची माहिती, लॉगमध्ये (सिस्टिमच्या नोंदींत) उघडा पडलेला पासवर्ड, शुक्रवारी संध्याकाळी प्रॉडक्शनवर (ग्राहक वापरतात त्या सिस्टिमवर) जाणारा बदल, इथे हटू नकोस, मॅनेजर नाराज झाला तरी चालेल. व्हेरिएबलचं नाव आणि कंस कुठल्या ओळीवर, यासाठी कुणाचं मन दुखवू नकोस. दुसऱ्याचा कोड तपासताना रिव्ह्यूमध्ये 'हे चुकलंय' लिहिण्याऐवजी 'दोन विनंत्या एकाच वेळी आल्या तर इथे काय होईल?' असं विचार. समोरचा स्वतः शोधतो, आणि कधी कधी तुझंच चुकत होतं हेही त्यातून निघतं. टॉरवाल्ड्स यांचंच बघ. 2018 च्या सप्टेंबरमध्ये त्यांनी आपल्या तिखट, लागेल अशा बोलण्याबद्दल सहकाऱ्यांची जाहीर माफी मागितली आणि काही आठवडे बाजूला झाले. त्यांचे सहकारी ग्रेग क्रोआ-हार्टमन यांनी 4.19 ही आवृत्ती काढली, लिनक्स अडलं नाही, आणि टॉरवाल्ड्स परत येऊन कामाला लागले. एवढा मोठा माणूस मान खाली घालू शकतो, तर आपणही शिकावं.

आणखी एक, माझ्या फार जिव्हाळ्याचं. आपल्याकडच्या मीटिंगमध्ये जो इंग्रजी फाडफाड बोलतो त्याचं मत खरं ठरतं. लातूर, जळगाव, गडहिंग्लजहून मराठी शाळेत शिकून आलेली मुलं वाक्य जुळवेपर्यंत विषय पुढे गेलेला असतो. अशा गप्प मुलांकडे मी कितीतरी वेळा नेमकं उत्तर असलेलं पाहिलं आहे. तू लीड आहेस, तर मीटिंगच्या आदल्या दिवशी सगळ्यांकडून दोन-चार ओळी लिहून माग. लिहायला सगळ्यांना सारखा वेळ मिळतो. आणि मीटिंगमध्ये मराठीत बोललं तरी चालेल, हे तू स्वतः आधी बोलून दाखव.

आता घर. ऑन-कॉल, म्हणजे अवेळी बिघाड झाला तर धावून जाण्याची जबाबदारी, एकट्याकडे ठेवू नकोस, तिघांत पाळी लाव. तुझा तो अमेरिकेचा कॉल उन्हाळ्यात साडेसातला असतो ना? नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी तिकडची घड्याळं एक तास मागे जातात आणि इकडे तोच कॉल साडेआठला येतो, थेट मार्चच्या दुसऱ्या रविवारपर्यंत. तिकडे कुणाचं काहीच बदलत नाही, त्यांचे सकाळचे दहाच वाजलेले असतात. तुझ्या घरी मात्र मुलीला भरवायची, झोपवायची वेळ जाते. क्लायंटला हे ठाऊकच नसतं. ऑक्टोबरमध्येच नम्रपणे सांग की हिवाळ्यात कॉल तिकडच्या नऊला ठेवूया. बहुतेक लोक हो म्हणतात. आपण न विचारताच जागरणं पत्करतो आणि मग घरच्यांनी समजून घ्यावं अशी अपेक्षा धरतो.

तुझी बायको बँकेत आहे. मार्चअखेरीला ती रात्री नऊला घरी येते, हे तूच मला सांगितलंस. त्या दिवसांत स्वयंपाक आणि बाळ तुझ्याकडे असेल तर डिसेंबरमधल्या तुझ्या रिलीजला तीही उभी राहील. नुसतं 'मदत करतो' म्हणू नकोस. बाळाची लसीकरणाची तारीख तिला विचारावी लागत असेल, तर ती सगळी जबाबदारी अजून तिच्याच डोक्यात आहे. घरातही एकीवाचून अडतं आहे, आणि ते तुला ऑफिसातल्यापेक्षा आधी दिसायला हवं होतं. लसीकरणाचं कार्ड आजपासून तू सांभाळ. डॉक्टरांचा नंबर, तापाचं औषध किती द्यायचं, दाई मावशींची सुट्टी, हे तुला तिला न विचारता माहीत हवं. आणि सांगलीला फोन कर तेव्हा कानात इअरफोन घालून स्क्रीनकडे बघत बोलू नकोस. आवाजावरून आईला कळतं.

बारशाचं झालं ते झालं. बायकोशी एकदा शांतपणे बोल, कारणं देऊ नकोस. गणपतीत गावी जाशील तेव्हा लॅपटॉप पुण्यातच ठेवून जायचं, हे तिला आत्ताच सांग आणि मग त्या तारखेच्या हिशेबाने तयारी कर. आधी रिफंडचं रनबुक, म्हणजे अडचण आली तर काय करायचं याचं टिपण, लिही. रिफंड अडकला तर पहिल्यांदा कुठला लॉग बघायचा, पैसे बँकेकडे अडकलेत की आपल्याकडे हे कुठे कळतं, तीच विनंती पुन्हा पाठवली तर ग्राहकाला दोनदा पैसे जातात का, आणि कुठल्या टप्प्याला आपण काहीही न करता बँकेलाच फोन लावायचा. मग टीममधल्या सर्वांत नव्या मुलीला ते देऊन एक खरा अडकलेला रिफंड सोडवायला बसव. तू शेजारी बस, पण कीबोर्डला हात लावू नकोस. ती जिथे थांबेल तिथे तुझं लिहिणं अपुरं आहे.

कंपनीचं काही बाहेर जाणार नसेल, नावं-आकडे काढून टाकलेले असतील, तर पहिला मसुदा मलाही दाखव. मला रिफंडमधलं काही कळत नाही, त्यामुळे कुठे अडते ते बरोबर सांगता येईल. घरी सगळ्यांना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझी,
ताई