पुण्यात रविवारी पहाटेच्या ग्रुप राइडला पहिल्यांदाच जातोय. सायकल रस्त्याच्या अगदी कडेने चालवावी का?

डावीकडेच चालवा, पण कडेला चिकटून नको. उभ्या गाड्यांपासून निदान एक मीटर लांब राहा. आत कुणाचं डोकं दिसलं की दार उघडणारच असं धरून चाला. पीएमपीची बस (पुण्याची सिटी बस) स्टॉपला लागत असेल तर तिच्या डावीकडून घुसू नका, मागे थांबा. उतरणारे थेट चाकासमोर येतात. पुढच्याने हात खाली करून खड्डा दाखवला की तुम्हीही मागच्याला दाखवा. तिघा-तिघांनी शेजारी चालवत गप्पा मारणं मात्र सरळ आगाऊपणा. मग मागून हॉर्न वाजला तर चिडायचं कशाला? सिग्नल लाल झाला आणि ग्रुप पुढे गेला, तरी थांबा. मागचा लाल दिवा आणि हेल्मेट हवंच.