कार्ड निघालं, नोकरी कुठाय?

प्रश्न : सर, मी विड्या वळते. नवरा यंत्रमागावर होते, कारखाना बंद झाल्यापासून घरी आहेत. मुलगा आयटीआय इलेक्ट्रिशियन पास झाला. सरकारच्या महास्वयम या रोजगार वेबसाइटवर नाव घातलं, नोंदणीचं कार्डही निघालं. पण एका कचेरीत गेलं की दुसरीकडे जा म्हणतात. नोकरी नक्की देतं कोण?
– एक आई, अशोक चौक, सोलापूर

उत्तर : ताई, नोकरी देतो कारखानदार. कचेऱ्या फक्त गाठ घालून देतात. कायद्याने ठरवलेल्या संख्येइतकी माणसं कामाला असलेल्या खासगी आस्थापनांनी रिकाम्या जागा सरकारी रोजगार केंद्राला कळवायच्या असतात. मात्र केंद्राने पाठवलेला मुलगा घ्यायलाच हवा, अशी सक्ती नाही. त्यामुळे कार्ड पाकिटात ठेवून फोनची वाट बघण्यात अर्थ नाही.

कचेऱ्या, कारखानदार आणि पोरं यांची एकत्र गाठ पडते ती रोजगार मेळाव्यात. मेळावा याच रोजगार केंद्राचा, म्हणजे जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्राचा असतो. आयटीआय मुलं पाठवते, कारखान्यांची माणसं मुलाखती घेतात, शेजारी धंद्यासाठी कर्ज देणाऱ्या सरकारी महामंडळांचे स्टॉल असतात. मुलाला स्वतःचा धंदा टाकायचा नसेल तर तिकडे रेंगाळू नये. कारखान्याच्या माणसाला मात्र नीट विचारावं : कंपनीच्या पटावर घेणार की ठेकेदाराकडे? पीएफ कापून हातात किती? दुसऱ्या पाळीनंतर गाडी आहे का? हा शेवटचा प्रश्न पोरं लाजून विचारत नाहीत. अक्कलकोट रोडची एमआयडीसी तुम्हाला जवळ आहे, सायकलवरही जमेल. लांबच्या चिंचोळी एमआयडीसीतून रात्री घरी यायचं तर गाडी लागतेच, नाहीतर पोरगं महिन्यातच काम सोडतं. आणि सोडलं तर का सोडलं, हे विचारायला कोणी येत नाही. या साखळीची खरी कच्ची कडी मला हीच वाटते.

माझं मत विचाराल तर इलेक्ट्रिशियनने आधी अ‍ॅप्रेंटिसशिप, म्हणजे कामावर राहून शिकाऊ उमेदवारी, करावी. महावितरण घेतं, रेल्वेही घेते. रेल्वेत दहावी आणि आयटीआयच्या गुणांवर यादी लागते. त्यासाठी अर्ज वेगळा करावा लागतो, महास्वयमची नोंदणी तिथे उपयोगी नाही. तुमचा मुलगा बहुतेक इथेच अडकला असेल. आयटीआयमध्ये अ‍ॅप्रेंटिसशिपचं काम बघणारे सर असतात, त्यांना गाठायला सांगा.

तुम्ही मात्र हेलपाटे घालू नका, विड्यांची मजुरी बुडते. शिवाय आईच उत्तरं द्यायला लागली की समोरचा माणूस मुलाकडे बघतच नाही, हे मी आयटीआयत शिकवत असताना पुष्कळदा पाहिलंय.

मेळाव्यात शिरायला पैसे पडत नाहीत. नोकरी लावतो म्हणून कोणी मागितले तर देऊ नका.

तोवर एखाद्या वायरमनच्या हाताखाली जात असेल तर जाऊ द्या, सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेतली रोषणाईसुद्धा कामच आहे. फक्त काम केल्याचं पत्र मालकाकडून तारखेसकट लिहून घ्यायला सांगा.