‘ग्रामण्य’ म्हणजे खेडेगाव नव्हे

प्रश्न असा आहे: प्रबोधनकार ठाकऱ्यांच्या चरित्रात ‘ग्रामण्याचा साद्यंत इतिहास’ (१९१९) या पुस्तकाचा उल्लेख येतो, तो खेड्यापाड्यांचा इतिहास आहे का?

मुळीच नाही. ग्रामण्य म्हणजे जातीच्या धर्माचारावरून पेटलेला तंटा आणि त्याचा खटला. भाषणांतून हेच नाव ‘ग्रामीण इतिहास’ असे ठोकून दिले जाते, ते आता थांबावे. शीर्षकाचा उरलेला भाग ‘अर्थात नोकरशाहीचे बंड’ असा आहे. तेवढा वाचला तरी शंका फिटते. चांद्रसेनीय कायस्थ प्रभू या जातीच्या वेदोक्त कर्मांच्या (वेदमंत्रांनी करायच्या विधींच्या) अधिकारावरून जे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालले, त्यांची ही हकीकत. आदल्याच वर्षी इतिहासकार वि. का. राजवाड्यांना उत्तर म्हणून लिहिलेला ‘कोदंडाचा टणत्कार’ही त्याच वादातला.

आता खरी गंमत. ‘ग्राम’ म्हणजे आधी गाव नव्हे, तर जमाव, समूह. गीतेतले ‘भूतग्राम’ आणि ‘इंद्रियग्राम’ आठवा. ‘संग्राम’ही त्यातलाच: दोन जमाव एकत्र आले की लढाई. अशा जमावाला नेणारा तो ‘ग्रामणी’, जसा सेनेला नेणारा सेनानी. (‘ग्रामणी’त आधी र आहे म्हणून न चा ण झाला, ‘सेनानी’त तो नाही.) राजसूयात, म्हणजे राज्याभिषेकाच्या वैदिक यज्ञात, राजा ज्या रत्निनांच्या (दरबारच्या प्रमुख मानकऱ्यांच्या) घरी जाऊन हवी, म्हणजे आहुती, देतो, त्यांत ग्रामणीही आहे. माझे ठाम मत असे की ‘ग्रामण्य’ हे त्याच ग्रामणीचे भाववाचक नाम: आधी पुढारपण, मग पुढाऱ्यांनी जात जमवून उभा केलेला तंटा. ‘ग्राम्य’शी नाते जोडणाऱ्यांनी हा ‘ण’ कुठून आला ते सांगावे.

‘जातिबहिष्कार’ एवढाच अर्थ देऊन थांबणारे कोशही अपुरेच. बहिष्कार हा निकाल, ग्रामण्य हा सबंध खटला: तक्रार, दोन तट, शास्त्र्यांची मते, धर्मपीठाचा निर्णय, मग प्रायश्चित्त, नाहीतर वाळीत. तोवर पंक्तीला पाट नाही, सोयरीक नाही, घरच्या श्राद्धाला भटजी मिळत नाही. पुण्यात १८९० साली पंचहौद या ख्रिस्ती मिशनमध्ये चहा घेतल्यावरून टिळक-रानड्यांवर जे प्रकरण शंकराचार्यांपर्यंत गेले, ते ‘चहा-ग्रामण्य’ म्हणूनच ओळखले जाते. त्याला नुसता ‘चहा-बहिष्कार’ म्हटले तर अर्धी गोष्ट गळते.

शब्द नपुंसकलिंगी आहे: ते ग्रामण्य, म्हणून ‘ग्रामण्याचा’.