रशियाचा धडा: आधी धान्याचा माग काढ

चि. बाळ,
अनेक आशीर्वाद.

रशियाचा धडा पुन्हा पुन्हा वाचूनही सनावळी डोक्यात टिकत नाही, असं तू लिहिलंस. सनावळी जरा बाजूला ठेव. आधी एक प्रश्न पक्का धर: जमीन कुणाची, आणि तिच्यात पिकलेलं धान्य कुणाचं?

१८६१ मध्ये झार दुसऱ्या अलेक्झांडरने भूदासांना, म्हणजे जमीनदाराच्या जमिनीला बांधलेल्या शेतकऱ्यांना, मुक्त केलं. पण मिळालेल्या जमिनीची किंमत त्यांनी ४९ वर्षं हप्त्यांनी फेडायची होती. हे कळलं की १९०५ मध्ये शहरांबरोबर खेडीही का पेटली, ते वेगळं पाठ करावं लागत नाही. १९१७ मध्ये राजधानी पेट्रोग्राडच्या बायका पावासाठी रस्त्यावर उतरल्या आणि आठवड्याभरात झारला गादी सोडावी लागली. त्याच्या जागी आलेल्या हंगामी सरकारने पहिलं महायुद्ध चालूच ठेवलं, जमिनीचा निर्णय संविधान सभेवर ढकलला. बोल्शेविकांनी, म्हणजे लेनिनच्या क्रांतिकारी पक्षाने, सत्ता हाती येताच जमीन शेतकऱ्यांना देणारा हुकूमनामा काढला.

पुढे यादवी युद्धात त्याच शेतकऱ्यांचं धान्य सक्तीने उचललं गेलं. मार्च १९२१ मध्ये पेट्रोग्राडजवळच्या क्रॉन्स्टाट या आरमारी तळाचे नाविक, म्हणजे क्रांतीचे जुने पाठीराखेच, उठले. लेनिनने सक्तीच्या वसुलीऐवजी कर लावला, उरलेलं धान्य विकायची मुभा दिली. लेनिननंतर आलेल्या स्टालिनने ती मुभा मोडून सामूहिक शेती लादली.

इथे घाई करू नकोस. १९३२-३३ मध्ये युक्रेन, कझाकस्तान, व्होल्गाकाठ इथे लाखो माणसं उपासमारीने मेली. याला नुसता 'दुष्काळ' म्हणून सोडू नकोस. पीक कमी येऊनही सरकार धान्य उचलत राहिलं, निर्यातही करत राहिलं. प्रश्न एका मार्काचा असला तरी हे वाक्य उत्तरात यायला हवं.

तारखांचा घोळ मात्र सोपा आहे. जुनी दिनदर्शिका १३ दिवस मागे होती, ती फेब्रुवारी १९१८ मध्ये बदलली. म्हणून ऑक्टोबर क्रांती आपल्या हिशेबाने ७ नोव्हेंबरला येते. उत्तरात कुठलीही एकच पद्धत ठेव.

१९५६ चं स्टालिनवर टीका करणारं ख्रुश्चेव्हचं भाषण, १९८५ मध्ये सत्तेवर आलेला गोर्बाचेव्ह, १९९१ चं सोव्हिएत संघाचं विघटन यांना धान्याचा माग पुरत नाही. तिथे प्रश्न बदल: लोकांना उघडपणे काय बोलता येत होतं?

उद्या पुस्तक मिटून १८६१ ते १९३३ एका कोऱ्या पानावर लिही, साल न घालता. मग सालं भर. झालं की फोटो पाठव. क्रॉन्स्टाटनंतर धोरण का बदललं, ते मला तुझ्या शब्दांत वाचायचं आहे.

तुझे सर